कुलाब्याचे तिकीट

आमच्या जयपूरच्या मावशीला आता शहाऐंशीवे वर्ष चालू आहे. जन्म अजमेरचा, लग्न होऊन जयपूरला गेली आणि तिथलीच झाली. गणपतीत उकडीचे मोदक अजून स्वतः करते, पण चहाला 'चाय' म्हणते आणि नातवंडांवर रागावायचे झाले की हिंदीतून रागावते. अशा या मावशीकडे तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची, एक गोष्ट होती. होती असे म्हणते, कारण गेली काही वर्षे तिने ती सांगणेच सोडून दिले होते.

गोष्ट साधीच. आजोबा गिरगावातल्या चाळीत वाढलेले. १९२८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना अजमेरला रेल्वेच्या कचेरीत कारकुनी मिळाली. तिसऱ्या वर्गात बसायला जागा हवी तर गाडी जिथून सुटते तिथेच जाऊन बसले पाहिजे, म्हणून पणजी त्यांना घेऊन ट्रामने कुलाब्याला गेली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक वळकटी. गाडी हलली, आई फलाटावर मागे राहिली आणि डाव्या हाताला समुद्र सुरू झाला. आजोबा सांगत, मी आईकडे बघू की समुद्राकडे हेच मला कळेना, कारण दोन्ही सुटत होते. आणि शेवटी ते एक वाक्य घालायचे, की समुद्रात मधेच एक लांबच लांब भिंत होती.

आता यात हसण्यासारखे काय आहे? पण मावशीच्या घरात लोक हसायचे. मावसभाऊ म्हणायचा, "आई, कुलाब्याला कुठलं स्टेशन? नाना चर्चगेटला बसले असतील." जयपूरची गाडी मुंबई सेंट्रलला जाते हे नातवाला ठाऊक, म्हणून तो म्हणायचा, "आजी, मुंबई सेंट्रल म्हण." आणि समुद्रातल्या भिंतीचे नाव निघाले की सगळेच एकमेकांकडे बघायचे. वय झाले की माणसाची आठवण घसरते, हे घरातल्यांनी एकदा ठरवले म्हणजे त्या माणसाने कितीही खरे सांगितले तरी ते घसरलेलेच ठरते. मावशीने एक-दोनदा वाद घातला, मग गप्प बसली. दोन वर्षांपूर्वी मी जयपूरला गेले तेव्हा मीच म्हटले, "मावशी, ती नानांच्या गाडीची गोष्ट सांग ना." ती म्हणाली, "जाऊ दे गं. मला नीट आठवत नाही."

तिला नीट आठवत होते. तिच्या सुनेने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितले, की दुपारी पडल्या पडल्या ती हीच गोष्ट धाकट्या पणतीला सांगते. पणती तीन वर्षांची असल्यामुळे दुरुस्त्या सुचवत नाही.

मुंबईला परत आल्यावर मी या गोष्टीच्या मागे लागले. वाचकहो, या सदरात मी सहसा घरातल्या भांडणांचे निकाल लावत नाही, पण हा एक लावते. मावशी बरोबर आहे. कुलाब्याला स्टेशन होते. नुसते होते असे नाही, तर बी.बी.सी.आय. रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाचे, मुंबईतले ते शेवटचे आणि मोठे स्टेशन होते. चर्चगेट हे तेव्हा वाटेतले ठाणे होते.

बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया. १८५५ साली निघालेली ही कंपनी गुजरातेतून रूळ टाकत टाकत १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडपर्यंत आली. मुंबईच्या दक्षिण टोकाला जायचे तर पुढे जागा कुठून आणायची, हा प्रश्न होता. कारण तेव्हा पश्चिमेला समुद्र अगदी वस्तीला लागून होता. जागा मिळाली ती एका दिवाळखोरीतून. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेल्या पैशाने शहराचे डोके फिरले. समुद्र भरून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या, त्यांत बॅकबे रेक्लमेशन कंपनी सर्वांत बडी. प्रेमचंद रायचंदांसारखे सावकार त्यात होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्याबरोबर कंपन्याही कोसळल्या. मागे उरली समुद्रकाठची भर घातलेली एक चिंचोळी पट्टी. ती सरकारकडे गेली आणि तिच्यावरून रेल्वेला वाट मिळाली. मरीन लाइन्स आणि चर्नी रोड या स्टेशनांमधून आज आपण खिडकीतून समुद्र बघतो, तो या कोसळलेल्या कंपनीच्या कृपेने. (जाता जाता : मरीन लाइन्समधल्या 'लाइन्स' रेल्वेच्या नव्हेत, तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या, आणि चर्नी रोड हे नाव गुरांच्या चरण्यावरून आले.)

१८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत रोज एक गाडी सुरू झाली, सकाळी यायची आणि संध्याकाळी परत जायची. मुंबईच्या पश्चिम लोकलची ती सुरुवात. ते बॅकबे स्टेशनही आता नाही. त्यानंतर रूळ आणखी दक्षिणेला सरकले, चर्चगेट झाले आणि १८७३ च्या सुमारास कुलाबा गाठले गेले.

कुलाबाच का, याचे उत्तर पुन्हा कापसात आहे. कुलाबा हे मुळात कोळ्यांचे बेट. मुंबईशी ते १८३८ साली कॉजवेने जोडले गेले. त्याआधी ओहोटी बघून लोक पलीकडे जात. बेट जोडले गेल्यावर किल्ल्यातल्या मैदानावर भरणारा कापसाचा बाजार १८४४ मध्ये तिकडे हलवला गेला. कापसाच्या गाठी म्हणजे आगीचे भय, त्या भरवस्तीत कशाला, हा विचार असणारच. मग वऱ्हाड-गुजरातेतून आलेल्या गाठी कुलाब्याच्या वखारींत रचल्या जायच्या आणि तिथून जहाजांवर चढायच्या. १८७५ साली जवळच ससून डॉक झाला. तेव्हा रेल्वेला कुलाब्याला जाणे भागच होते. आधी साधे ठाणे होते, १८९६ साली नवे मोठे स्टेशन उघडले.

आमच्या मावशीला मी ही कापसाची हकिकत फोनवर सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग हे आमचेच लोक." आमचे म्हणजे राजस्थानचे. ते खरेच आहे. जयपूर संस्थानातल्या शेखावाटी भागातून, सीकर, नवलगढ, रामगढ अशा गावांतून निघालेले मारवाडी व्यापारी मुंबईच्या कापसात मोठे झाले. वर्ध्याचे जमनालाल बजाज जन्माने सीकरजवळचे. आणि रेल्वेचे नाते तर त्याहून जवळचे. राजपुताना-माळव्याची मीटरगेज लाईन १८८५ पासून बी.बी.सी.आय. कंपनीच चालवीत होती. तिचा मोठा कारखाना आणि कचेऱ्या अजमेरला. जयपूरहून मीटरगेजने अजमेर, आबू रोड करीत अहमदाबादला यायचे, तिथे ब्रॉडगेजच्या गाडीत बसायचे आणि कुलाब्याला उतरायचे. सगळा प्रवास एकाच कंपनीचा. गिरगावातल्या पोराला अजमेरला नोकरी का मिळाली, याचा उलगडा मला इतक्या वर्षांनी झाला. कंपनीचे मुख्य कार्यालय चर्चगेटला होते, ते अजूनही पश्चिम रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे, व्ही.टी. बांधणाऱ्या स्टीव्हन्सनेच त्याचा आराखडा केला आणि १८९९ मध्ये ते पुरे झाले. पुढे १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली तेव्हा जयपूरच्या महाराजांची स्वतःची जयपूर स्टेट रेल्वेसुद्धा तिच्यात आली. जयपूरला वेगळ्या विभागाचे मुख्यालय मिळाले ते २००२ साली, उत्तर पश्चिम रेल्वे निघाली तेव्हा. तोवर जयपूरच्या स्टेशनमास्तरची वरची कचेरी चर्चगेटलाच होती.

तर असे हे कुलाबा स्टेशन. त्या भागाचे वाहतुकीतले नशीब काही औरच आहे. मुंबईची पहिली घोड्याची ट्राम १८७४ मध्ये धावली ती कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत. पहिली मोटारबस १९२६ मध्ये धावली ती कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. ५ जानेवारी १९२८ रोजी पश्चिमेच्या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, तीही कुलाबा ते बोरिवली. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल सुरू झाली. विलायतेची टपालबोट लागली की ती बॅलार्ड पिअरवरून सुटायची, एरवी कुलाब्याहून. बडोदा, रतलाम, कोटा, मथुरा, दिल्ली, लाहोर करीत थेट सरहद्दीपर्यंत. ही गाडी पुढे अमृतसरपर्यंतच उरली आणि १९९६ मध्ये गोल्डन टेंपल मेल झाली. पण आरंभ कुलाब्याचा.

विजेचे खांब रोवले, तारा ओढल्या, देशातली मानाची गाडी आणून उभी केली. आणि तीन वर्षे पुरी व्हायच्या आत स्टेशन बंद केले. याला काय म्हणावे?

समुद्रकाठचे बंद पडलेले स्टेशन म्हटले की आपल्याला धनुष्कोडी आठवते. काशी-रामेश्वर करून आलेल्या जुन्या मंडळींनी सेतूची वाळू तिथूनच आणलेली असते. १९६४ च्या डिसेंबरात, २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री, वादळाने समुद्र आत घुसला आणि गाव, स्टेशन, रूळ आणि शंभराहून अधिक माणसे बसलेली गाडी, सगळे घेऊन गेला. तिथे समुद्राने स्टेशन गिळले. कुलाब्याला झाले ते नेमके उलटे. इथे समुद्र काही बोलला नाही. इथे माणसांनी समुद्र लांब ढकलला आणि त्या धक्क्यात स्टेशन गेले.

१९२० च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. घरभाडी आकाशाला भिडली होती, जागा नव्हती. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी बुडालेली बॅकबे भरायची योजना त्यांनी सरकारी खर्चाने पुन्हा काढली. चौपाटीपासून कुलाब्याच्या टोकापर्यंतचा सगळा उपसागर आठ भागांत भरायचा, असा बेत. आधी समुद्रात लांबच लांब भिंत घालायची आणि मग बंदरातला गाळ उपसून नळ्यांतून आतल्या बाजूला आणून टाकायचा.

समुद्रातली भिंत! हे वाचले तेव्हा मी एकटीच असूनही मोठ्याने हसले. आजोबांनी १९२८ साली गाडीच्या खिडकीतून पाहिली ती हीच. म्हणजे त्यांना दिसला तो समुद्रही धड समुद्र नव्हता. भिंतीपलीकडे खरे पाणी, अलीकडे अर्धवट भरलेला चिखल.

आणि भिंत तरी कशी, तर गाळ टाकावा आणि तो भिंतीतल्या फटींतून पुन्हा समुद्रात पाझरावा. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. कायदेमंडळातले खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. योजनेतल्या हार्वे नावाच्या इंजिनियरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले. लोक या योजनेला लॉइडसाहेबांचा खुळेपणा म्हणू लागले. गंमत अशी, की त्याच भरणीवर पुढे जे उभे राहिले त्याला आपण नरिमन पॉइंट म्हणतो, आणि चर्चगेट स्टेशनाशेजारच्या रस्त्याला वीर नरिमन रोड. ज्याने भरणीतली लबाडी उघडी केली, त्याचेच नाव भरणीला! मुंबईला विनोदबुद्धी नाही असे कोणी म्हणू नये.

आठांपैकी निम्मेच भाग त्या वेळी भरले गेले. पण तेवढ्याने रेल्वेचा निकाल लागला. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतचे रूळ ओव्हल मैदानाच्या पश्चिम अंगाने समुद्राच्या कडेकडेने जात होते. आता कडा पुढे गेली आणि रूळ जुन्या शहराच्या आणि नव्या जमिनीच्या मधोमध आले. नवी जमीन विकायची, तिच्यावर रस्ते काढायचे, इमारती उठवायच्या, तर मधे आगगाडी नको. शिवाय स्टेशनाची भाकरी ज्या कापसावर होती तो कापूसही निघून चालला होता. कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीकडे, बंदराच्या बाजूला, नेण्यात आला. कॉटन ग्रीन हे हार्बर लाईनवरचे स्टेशन त्याच स्थलांतराची आठवण आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांनी लोकलच्याच वाटेने दक्षिण टोकापर्यंत जायचे, हेही गर्दी वाढल्यावर अवघड होत चालले असणार.

मग बेलासिस रोडला नवे टर्मिनस बांधायचे ठरले. क्लॉड बॅटली यांनी आराखडा केला, शापूरजी पालनजींच्या कंपनीने एकवीस महिन्यांत काम पुरे केले आणि १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रल उघडले. त्यानंतर तेराच दिवसांनी, ३१ डिसेंबर १९३०ला, कुलाबा स्टेशन बंद झाले. नवे वर्ष उजाडले तेव्हा पश्चिमेच्या लोकलचे शेवटचे स्टेशन चर्चगेट होते. आजही चर्चगेटला उतरलात तर रूळ दक्षिणेला एकदम थांबतात ते बघा. एखादी गोष्ट सांगणारा माणूस मधेच गप्प व्हावा तसे ते थांबतात. तो मूळचा शेवट नव्हे.

एक गोष्ट मात्र मला कुठल्याच सरकारी कारणात सापडली नाही, ती सामान्य माणसाची. तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून मुंबईच्या पार टोकापर्यंत समुद्राच्या काठाकाठाने जाता येत होते, ते थांबले. रुळांनी मोकळ्या केलेल्या त्या बाजूला, ओव्हलच्या पश्चिमेला, देखण्या इमारती उठल्या. गोल गच्च्यांच्या, जहाजासारख्या दिसणाऱ्या. २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. इमारती सुंदर आहेत, त्यात वाद नाही. मी स्वतः कितीदा त्यांच्याखालून मान वर करून चालले आहे. पण तिथे राहायला लागणारा पैसा आणि कुलाब्याच्या तिकिटाला लागणारा पैसा यांत फरक आहे एवढेच म्हणते. १९३१ नंतर कुलाब्याला जायचे म्हणजे चर्चगेटला किंवा बोरीबंदरला उतरून ट्राम, पुढे बस. ससून डॉकवर पहाटे मासळी घ्यायला जाणाऱ्या बायकांना विचारा, डोक्यावर पाटी घेऊन बसमध्ये चढणे म्हणजे काय असते.

हे असे पंचाण्णव वर्षे चालले. २०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत पुरी झाली आणि कुलाब्याच्या बाजूला पुन्हा रूळ आले, या खेपेस जमिनीखालून. बातमी वाचून मी जयपूरला फोन केला. आधीचे सगळे मी मावशीला तुकड्यातुकड्यांनी सांगितलेच होते. या वेळी म्हटले, "मावशी, चल. कुलाब्याची गाडी पुन्हा सुरू झाली."

मावशी गेल्या हिवाळ्यात आली. बरोबर मावसभाऊ आणि तो 'मुंबई सेंट्रल म्हण' म्हणणारा नातू. जयपूरची सुपरफास्ट सकाळी मुंबई सेंट्रलला लागली तेव्हा मी फलाटावर होते. दोन दिवस विश्रांती झाल्यावर आम्ही चौघे मेट्रोने निघालो. सरकते जिने, थंडगार डबे, सगळे चकचकीत. मावशीने खिडकीपाशी जागा घेतली आणि बाहेर बघू लागली. बाहेर अर्थातच काळोख. चर्चगेट गेले, विधान भवन गेले. तिने मला विचारले, "समुद्र कधी लागतो?" मी म्हटले, "नाही लागत मावशी. आपण जमिनीच्या पोटातून चाललोय." ती काही बोलली नाही, पण काचेवरून नजर मात्र काढली नाही.

कफ परेडला वर आलो आणि टॅक्सी करून बधवार पार्कशी गेलो. जुन्या स्टेशनाच्या जागेवर आता ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष राहिलेल्या फतेहचंद बधवार यांचे नाव तिला दिले आहे. आत जायला परवानगी लागते. ती काही आम्ही काढली नव्हती, त्यामुळे फाटकाबाहेरच उभे राहिलो. फाटकावरच्या रखवालदाराला नातवाने विचारले, "इथे पूर्वी स्टेशन होतं ना?" तो म्हणाला, "ऐकलंय खरं. माझ्या आधीची गोष्ट आहे." नातवाने आजीकडे बघितले. त्याचा चेहरा जरा उतरलाच होता.

मावसभाऊ फोनवर नकाशा काढून बसला होता. त्याने तो फिरवला, उलटा केला, मग म्हणाला, "आई, गाडी इथून उत्तरेला जायची. म्हणजे चर्चगेट इकडे." मावशीने काठी टेकली आणि सावकाश उत्तरेकडे तोंड केले. रस्त्यावर रहदारी होती, दोन माणसे आम्हांला वळसा घालून गेली. मग तिने डावा हात वर केला आणि म्हणाली, "इकडे समुद्र."

आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितले. रस्ता, त्यापलीकडे कोळ्यांची मच्छीमार नगरची वस्ती, वाळत घातलेली जाळी, आणि त्याच्यामागे, होड्यांच्या मधून, पाणी. २००८ च्या नोव्हेंबरात हल्लेखोर रबरी बोटीतून उतरले ते इथेच, हे मला आठवले, पण मी बोलले नाही. लॉइडसाहेबांच्या आठ भागांतले सगळे काही भरून झाले नाहीत. पुढे कफ परेडला आणि नरिमन पॉइंटला भर पडली, पण या दोहोंच्या मधला तुकडा तसाच राहिला. चर्चगेटपाशी आजोबांच्या डाव्या हाताचा समुद्र लांब गेला. पण पणजी ज्या फलाटावर उभी होती, त्याच्या शेजारी तो अजून होता.

"भिंत?" नातवाने विचारले.

"ती पुढं," मावशी म्हणाली. "नाना म्हणायचे, गाडी जरा चालली की मग भिंत दिसायची." आणि मग फाटकाशी, भर रस्त्यात, तिने ती सबंध गोष्ट सांगितली. ट्राम, वळकटी, दशम्या, सगळी. या वेळी कोणी मधे बोलले नाही. नातवाने तर फोन खिशात घातला होता.

गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "चाय कुठं मिळेल गं इथं?"